सहा वाजता बंद पडणारा सर्व्हर

कॅसेटकाकांना वाचनालयात खऱ्या नावानं हाक मारलेली कुणाला आठवत नाही. हजेरीपुस्तकात त्यांचं नाव होतं, पण तिथेही ते इतक्या घाईनं सही ठोकत की वाचायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरची खोली क्रमांक चार एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. तीन भिंतींना छतापर्यंत कॅसेटी, चौथ्या भिंतीला खिडकी आणि खिडकीपाशी काका. ज्यांना दिसत नाही किंवा दिसेनासं झालंय त्यांच्यासाठी हौशी माणसांनी मोठ्यानं वाचून भरून दिलेली अकराशे चाळीस पुस्तकं तिथे होती. काकांना ते सगळे आवाज पाठ. एका निवृत्त तारमास्तरांची खुर्ची दर पानाला कुरकुरायची. एक शिक्षिका प्रत्येक प्रकरण संपलं की घटघट पाणी प्यायची आणि तेही टेपवर यायचं. एक डॉक्टर विनोदी पुस्तक वाचताना स्वतःच इतके हसायचे की ऐकणाऱ्याला विनोद काय होता ते कळायचंच नाही. यातली निम्मी माणसं आता या जगात नव्हती, पण काकांच्या खोलीत त्यांचं रोजचं जाणंयेणं होतं.

टेपा झिजायला लागल्या तशी काकांनी चार वर्षं खपून सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. त्यात युक्ती काही नव्हती. तासाच्या कॅसेटला तास लागतोच, ती पूर्ण वाजू द्यावी लागते. दोन टेपरेकॉर्डर, दोन वायरी आणि काकांची चिकाटी एवढ्यावर ते काम झालं. त्यांच्या बायकोच्या मते चिकाटी हा सभ्य शब्द झाला.

एवढं होऊन घोडं अडलं ते जिन्यावर. ऐकायचं तर खोलीत यायला हवं, आणि खोलीत यायचं तर बावीस पायऱ्या. ऐकणारी माणसं सत्तरीच्या पुढची, बहुतेकांना दिसत नाही. महिन्याला आठ-दहा जण कुणाचा तरी हात धरून यायचे. मग एक दिवस चिटणिसांचं पत्र आलं. चिटणीस वाईट माणूस नव्हता, पण तो नियमाचा माणूस होता, आणि अशा माणसावर धड रागावताही येत नाही. पत्रात लिहिलं होतं की खोली क्रमांक चार सभांसाठी हवी आहे. कॅसेटी तळघरात, कॉम्प्युटर आतलं सगळं पुसून खाली पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर आणि आपण मासिकांच्या टेबलावर. मात्र दोन महिन्यांची मुदत आहे. दुसऱ्या महिन्यात किमान तीनशे वेळा कुणी काही ऐकल्याची नोंद दाखवलीत तर समिती फेरविचार करील.

तळघरात ओल होती, भिंतींना बोट लावलं तर बोट ओलं व्हायचं. काकांनी पत्र तीनदा वाचलं, घडी घातली आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत. बायको परिचारिका, तिला कोण खरोखर आजारी आणि कोण नुसतं पडून आहे हे लांबूनच कळायचं. तिनं यांच्या भाचीला फोन लावून दिला.

भाची लांबच्या शहरात कॉम्प्युटरचं काम करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, माणसांना जिना चढायला कशाला लावतोस? त्या कॉम्प्युटरचाच सर्व्हर कर ना. लोक घरी बसून फोनवर ऐकतील."

"सर्व्हर म्हणजे मोठमोठी कपाटं असतात ना ती? गार खोलीत ठेवलेली?"

"अरे, सर्व्हर म्हणजे काउंटरमागे उभा राहणारा माणूस. कुणी येऊन मागितलं की काढून द्यायचं, बस."

"म्हणजे मी."

"हो मामा, म्हणजे तूच."

हे मात्र काकांना पटलं. भाचीनं एका प्रणालीचं नाव सांगितलं. ती फुकट होती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, आतलं सगळं उघडं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. अडलं तर काय करायचं, असं काकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला विचारू नकोस, मी वैतागेन आणि तूही वैतागशील. त्यांचा इंटरनेटवर एक मदतीचा कट्टा आहे, आपल्या भाषेतला. तिथे विचार. तिथली माणसं माझ्यापेक्षा शहाणी आहेत आणि मुख्य म्हणजे ती तुझी नातेवाईक नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून काका शिकायला बसले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायला लागला की त्याच्या तोंडावर एक विशिष्ट भाव येतो, तो काकांच्या तोंडावर आला. एक ओळ लिहायची, बटण दाबायचं आणि श्वास रोखून बघायचं. पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी कॉम्प्युटरनं कळवलं की परवानगी नाही.

एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस परवानगी नाही म्हटल्यावर काय करतो? अर्ज करतो. काकांनी सुवाच्य अक्षरात चिटणिसांना अर्ज लिहिला की ध्वनिविभागाच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवण्यास परवानगी मिळावी. चिटणिसांनी दोन दिवसांनी त्यावर 'परवानगी आहे' असा शेरा मारला, सही केली, शिक्का उठवला. काका तो कागद घेऊन वर आले, कॉम्प्युटरशेजारी टाचणीनं लावला आणि तीच ओळ पुन्हा टाइप केली. परवानगी नाही.

मग मात्र त्यांनी कट्ट्यावर पाऊल टाकलं. त्यांनी लिहिलं, 'माननीय महोदय, सविनय कळवण्यात येते की माझा सर्व्हर चालत नाही. वरिष्ठांची लेखी परवानगी असूनही कॉम्प्युटर ती मान्य करत नाही. कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी. आपला नम्र.' आणि खाली नाव म्हणून कॅसेटकाका.

अर्ध्या तासात उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याचं टोपणनाव होतं 'जुनी चप्पल'. लिहिलं होतं, 'कॅसेटकाका, कट्ट्यावर स्वागत. इथे कुणी माननीय नाही, तेव्हा निवांत बसा. आमची एकच रीत आहे. प्रश्न विचारताना तीन गोष्टी लिहायच्या. तुम्ही नेमकं काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. "चालत नाही" म्हणजे नेमकं काय होत नाही? पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे पाठवा. आणि प्रश्न सुटला की तसंच निघून जायचं नाही. चूक काय होती ते त्याच पानावर खाली लिहायचं, म्हणजे पुढच्याला उपयोग होतो. तुमच्या वरिष्ठांना आमचा नमस्कार सांगा, पण ही परवानगी त्यांच्या हातात नाही. ती फाइल कॉम्प्युटरच्या लेखी दुसऱ्याच कुणाच्या तरी मालकीची आहे, म्हणून तो तुम्हाला हात लावू देत नाही.'

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण पुढे मालकी कशी बदलायची ते इतकं सोपं करून सांगितलेलं होतं की दहा मिनिटांत गाठ सुटली. त्यांनी खाली प्रामाणिकपणे लिहिलं की चूक सापडली, फाइल माझ्या मालकीची नव्हती, आणि चिटणिसांच्या शेऱ्याचा उपयोग झाला नाही. त्यावर सतरा अनोळखी माणसांनी हसरे चेहरे टाकले. आयुष्यात पहिल्यांदाच काकांना आपलं हसं झाल्याचं काही वाटलं नाही.

महिनाभर हेच चाललं. काका दिवसा शिकायचे आणि संध्याकाळी घरी सांगायचे.

"आज चपलेनं मला सांगितलं की पंखा साफ करा."

"कुणी सांगितलं?" बायको विचारायची.

"चपलेनं. जुन्या."

"माझं ऐकत नाही हा माणूस," ती भाचीला फोनवर सांगायची, "आणि चपलेचं ऐकतो."

पहिला महिना संपता संपता सर्व्हर उभा राहिला. काकांनी अकराशे चाळीसही पुस्तकं त्यात चढवली. पहिल्याच पानावर वाचनालयाचा फोन नंबर टाकला आणि जुन्या वहीत ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून, त्यांच्या मुलासुनांना, शेजाऱ्यांना समजावून, कुठे काय दाबायचं ते सांगितलं. कुणी एखादं पुस्तक ऐकायला घेतलं की सर्व्हर आपोआप एक ओळ लिहून ठेवायचा, किती वाजता आणि कोणतं पुस्तक. त्या यादीत पहिली ओळ उमटली तेव्हा काका खुर्चीतून उठून उभे राहिले. कुणीतरी आपल्या घरी बसून तारमास्तरांची कुरकुरती खुर्ची ऐकत होतं.

पण पुढे आकडा हलेना. दिवसाला तीन, कधी दोन. दहा दिवसांत जेमतेम तीस. आणि रोज सकाळी दहाला वाचनालय उघडलं की पहिला फोन गणिताच्या बाईंचा. बाई चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, गेली सहा वर्षं दृष्टी नसलेल्या आणि आवाजात अजून खडू असलेल्या.

"तुमचं ते यंत्र काल पुन्हा मान टाकून बसलं," त्या म्हणायच्या. "गोष्टीतला डॉक्टर दार उघडतो आणि आत बघतो, तर, आणि बंद! आता आत काय होतं ते मी रात्रभर स्वतः रचत बसले."

"आत्ता लावून बघा बरं, बाई."

"आत्ता लागतंय."

"मग झालं तर."

"झालं कसं? मला सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायला शेजारीण येते. ऐकायला वेळ मिळतो तो संध्याकाळनंतर. तेव्हा तुम्ही बंद."

काका दिवसभर तपासायचे. सगळं ठणठणीत. मग कट्ट्यावर नवा प्रश्न पडला. यावेळी रीतसर, तीन भागांत. तरीही शहाण्या माणसांची चंगळ झाली. एक म्हणाला संध्याकाळी इंटरनेटवर गर्दी होते. दुसरा म्हणाला कॉम्प्युटरची स्मृती भरत असणार. तिसऱ्यानं एक आठ पानी लेख वाचायला दिला आणि तो वाचून काकांच्या मनात नवीनच चार शंका आल्या. काकांनी सगळ्यांचं सगळं केलं. इंटरनेटवाल्याला बोलावलं, वायर बदलली, प्रणाली नव्यानं बसवली. आकडा एकवीस तारखेला एकसष्टवर होता आणि काकांनी मनातल्या मनात मासिकांच्या टेबलावर बसून पाहिलं होतं.

तेव्हा जुनी चप्पल पुन्हा अवतरली. लिहिलं होतं, 'काका, इतक्या लोकांचे अंदाज ऐकलेत, आता यादीचं ऐकू. रोज सर्व्हरनं लिहिलेली शेवटची ओळ आणि दुसऱ्या दिवसाची पहिली ओळ, दोन्हींची फक्त वेळ काढा आणि इथे टाका.'

काकांनी काढली. शेवटची ओळ पाच अठ्ठावन्न. पुढची ओळ सकाळी दहा वाजून चार मिनिटं. त्याआधीच्या दिवशी पाच सत्तावन्न, मग सकाळी दहा-सहा. पाच एकोणसाठ, दहा-पाच. एकवीसच्या एकवीस दिवस तसंच.

'संध्याकाळी सहाला तुमच्याकडे काय होतं?' चपलेनं विचारलं.

काकांनी टाइप केलं, 'काही नाही. सहाला वाचनालय बंद होतं. मी घरी जातो.'

'आणि जाताना?'

'जाताना काही नाही. खिडकी लावतो, मुख्य बटण बंद करतो, कुलूप लावतो.'

आणि पाठवायच्या आधी त्यांनी आपणच लिहिलेली ओळ पुन्हा वाचली.

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर काका उगाच मूर्ख ठरतील. सव्वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी काका टेपरेकॉर्डर चालू ठेवून घरी गेले होते. यंत्र तापलं, शेल्फची कड जळाली आणि नऊ कॅसेटी वितळल्या. त्यात एका आजीबाईंनी भरलेली सगळी कथा गेली आणि आजीबाईही पुढच्याच महिन्यात गेल्या. चिटणीस तेव्हा नवे होते. त्यांनी परिपत्रक काढलं की शेवटी जाणाऱ्यानं मजल्याचं मुख्य बटण बंद केल्याशिवाय जाऊ नये. परिपत्रकात कुणाचं नाव नव्हतं, पण ते कुणामुळे निघालं हे सगळ्यांना ठाऊक होतं. फळकुटावर चिकटवलेला तो कागद बटणाच्या वरच लावलेला होता, आणि तेव्हापासून काकांनी एकदाही, तापानं फणफणलेले असतानाही, ते बटण खाली केल्याशिवाय जिना उतरला नव्हता. आता त्यांचा हात ते काम त्यांना न विचारताच करायचा. शिवाय पुस्तकं एकदा वर चढवली म्हणजे ती वरच राहिली असणार, कॉम्प्युटर नुसती शिडी, अशी त्यांची समजूत होती. भाचीनं सांगितलं होतं की सर्व्हर म्हणजे तूच, आणि काका तर सहाला घरी जात होते.

त्यांनी ओळ पुसली नाही. पाठवली. आणि खाली अजून एक लिहिली, 'चूक सापडली. चूक मीच. एकवीस दिवस मी स्वतःच्या हातानं सर्व्हर बंद करत होतो आणि तुम्हा सगळ्यांना कामाला लावलं. क्षमा असावी.'

मग चपलेचं उत्तर आलं. 'काका, मी एका बेकरीत पहाटे पाव भाजते. माझ्या पहिल्या सर्व्हरची वायर भिंतीवरच्या ज्या भोकात होती, ती काढून त्याच भोकात मी रोज पीठ मळायचं यंत्र लावायची. आठवडाभर लोकांना विचारत होते की पहाटे चारला असं काय होतं. तेव्हा मला कुणी हसलं नाही, म्हणून मी इथेच राहिले.' आणि खाली, कॉम्प्युटर तापू नये म्हणून काय काय करायचं त्याची यादी होती.

काका घरी आले ते जुनी चप्पल ही बाई निघाली, तीही बेकरीवाली, या धक्क्यात आणि पुढे काय या काळजीत. सर्व्हर चालू ठेवायचा तर बटण चालू ठेवायला हवं. परवानगी मागावी तर चिटणीस समितीपुढे ठेवणार, समिती बसणार तीस तारखेला, म्हणजे महिना संपला.

"आमच्या वॉर्डातली यंत्रं सहाला बंद केली तर काय होईल माहितेय?" बायको म्हणाली. "सगळे पेशंट एकदम बरे होतील. कायमचे."

"पण नऊ कॅसेटी जळाल्या होत्या गं माझ्या हातानं."

"तेव्हा तुम्ही विसरला होतात," ती म्हणाली. "आता विसरणार नाही. चालू विसरणं आणि चालू ठेवणं एक नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी कॉम्प्युटर शेल्फापासून हलवून मधोमध उघड्या फरशीवर ठेवला, पडदे काढून टाकले, पंखा ब्रशनं साफ केला, बाकी सगळ्या वायरी सोडवल्या. सहाला खिडकी लावली. हात बटणाकडे गेला. काकांनी तो धरून खिशात घातला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बटण चालू ठेवून जिना उतरले. रस्त्यावर जाऊन तीनदा वळून खिडकीकडे पाहिलं. सकाळी दहाऐवजी नऊलाच हजर. काहीही जळालं नव्हतं. यादीत बत्तीस नव्या ओळी होत्या.

नऊ दिवसांत दोनशे सव्वीस. लोक जेवताना ऐकत होते, भांडी घासताना ऐकत होते, झोप येत नाही म्हणून ऐकत होते. बाईंनी त्या दार उघडणाऱ्या डॉक्टराचं पुस्तक संपवून दुसरं लावलं होतं आणि सकाळचे त्यांचे फोन बंद झाले होते, ज्याची काकांना थोडी चुटपुट लागली. पण आधीचे एकसष्ट आणि हे दोनशे सव्वीस मिळून होत होते दोनशे सत्त्याऐंशी. तेरा कमी.

"तेरा ना? मी घेते ऐकून," बायको म्हणाली. "भाजी चिरता चिरता. चालू, बंद, चालू, बंद."

"खोटी नोंद नको."

"मग बसा मासिकांच्या टेबलावर," ती म्हणाली, पण त्यांच्या सदऱ्याला इस्त्री जरा जास्तच कडक केली.

तीस तारखेला पाचला सभा सुरू झाली. खालच्या मजल्यावरचं कार्यालय, लांब टेबल, समितीची चार माणसं, चिटणीस आणि टोकाला काका. त्यांच्या विषयाला येईपर्यंत पावणेसहा वाजले. चिटणिसांनी तक्ता पाहिला.

"दोनशे सत्त्याऐंशी. तीनशे नाहीत."

"नाहीत, साहेब."

"आणि हे पहा, एकवीस तारखेपर्यंत दिवसाला तीन आणि नंतर एकदम पंचवीस. हे कसं? काय केलंत बावीस तारखेला?"

इथे काकांना सहज म्हणता आलं असतं की नवी वायर टाकली. टेबलावरच्या कुणालाही काही कळलं नसतं. पण दोन महिने कट्ट्यावर बसून त्यांना एक सवय लागली होती. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यांनी त्याच क्रमानं सगळं सांगितलं. बटण, परिपत्रक, एकवीस दिवस आणि नियम मोडून काढलेल्या आठ रात्री. कुणालाही दोष न देता सांगितलं, स्वतःलाही जरुरीपुरताच दिला.

चिटणीस चष्मा काढून पुसायला लागले, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "ज्या कारणासाठी ते परिपत्रक निघालं, तेच तुम्ही..."

टेबलावरचा फोन वाजला. चिटणिसांनी तो उचलला, कारण त्यांच्या सभेत फोन वाजलेला त्यांना चालत नसे. पलीकडचा आवाज टेबलाच्या टोकापर्यंत ऐकू आला. काकांनी तो खडू लगेच ओळखला.

"उचलला कुणीतरी! महिनाभर संध्याकाळी घंटा नुसती वाजायची. अहो, ती दोघं होडीत बसली आणि आवाज बंद!"

"बंद म्हणजे?" चिटणीस म्हणाले. "किती वाजता?"

"सहा वाजून दोन मिनिटांनी."

सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. काकांना एकदम उलगडा झाला. काका सभेत, म्हणून वरचा मजला झाडणाऱ्या मावशी शेवटच्या निघाल्या होत्या. त्यांनी परिपत्रकाबरहुकूम बटण खाली केलं होतं.

चिटणिसांनी फोन ठेवला, तोच तो पुन्हा वाजला. मग पुन्हा. कुणा म्हाताऱ्या गृहस्थांना हसरा डॉक्टर अर्ध्या विनोदात सोडून गेला होता. एका मुलीच्या आजोबांनी, आवाज का थांबला म्हणून, जेवायचंच थांबवलं होतं. चिटणीस प्रत्येकाला सांगत होते, "जरा थांबा, बघतो." सव्वीस वर्षं सहानंतर या फोनवर कुणी बोललं नव्हतं, कारण सहानंतर इथे कुणी नसायचंच.

चौथा फोन खाली ठेवून ते उठले आणि जिना चढायला लागले. मागोमाग काका, त्यांच्या मागे समिती. बटणापाशी चिटणीस थांबले. वर त्यांच्याच सहीचा कागद, कडेनं पिवळा पडलेला. त्यांनी बटण स्वतःच्या हातानं वर केलं.

खोली क्रमांक चारमध्ये फरशीवर मधोमध ठेवलेल्या त्या कॉम्प्युटरभोवती सहा मोठी माणसं उभी राहिली. काकांनी तो चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या. चपलेनं शिकवल्याप्रमाणे सर्व्हर आपला आपण उभा राहिला. मग यादीच्या तळाशी एक ओळ उमटली. थोड्या वेळानं दुसरी. मग एकदम दोन.

"दोनशे एक्क्याण्णव," चिटणीस वाकून मोजत म्हणाले.

"नाही साहेब," काका घाईनं म्हणाले. "ती मघाचीच माणसं आहेत. परत आली आहेत. ती मोजायची नाहीत."

चिटणीस सरळ झाले. पडद्यावर आणखी एक ओळ आली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"परत येतात," ते म्हणाले, "तीच तर मोजायची."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, बाहेर गेले आणि बटणावरच्या कागदावर स्वतःच्या सहीखाली, जागा पुरत नव्हती म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं, 'खोली क्रमांक चार सोडून.' त्याखाली पुन्हा सही केली आणि तारीख घातली. शिक्का खाली राहिला होता, म्हणून ते तो आणायला जिना उतरले.

काकांनी खिडकी लावली. कट्ट्यावरचं आपलं पान उघडलं आणि प्रश्नाच्या डोक्यावर लिहिलं, 'सुटला.' मग दोन्ही हात खिशात घालून बाहेर पडले.